गरम झाली की बंद: पन्हाळ्याच्या चढाला थांबणाऱ्या जुन्या गाड्यांसाठी

आपल्या जुन्या गाड्यांच्या क्लबाच्या रविवारच्या फेरीत, पन्हाळ्याच्या वाटेवर वाघबीळच्या आसपास एखादी तरी गाडी कडेला लागतेच. बॉनेट उघडं, मालक घामाघूम, भोवती दहा माणसं आणि अकरा सल्ले. कुणी एसी पंपावर (म्हणजे इंजिनवरच्या पेट्रोल पंपावर) ओलं फडकं टाकतो, कुणी प्लग काढायला घेतो, कुणी पान्याच्या मुठीनं कार्ब्युरेटर ठोकतो. अर्ध्या तासानं गाडी चालू होते. ज्याचा उपाय शेवटचा, त्याच्या नावावर विजय लागतो. पुढच्या फेरीत तीच गाडी तिथंच परत उभी.

ती चालू झाली कारण अर्धा तास उभी राहून गार झाली. आणि गार गाडीत हा दोष सापडत नाही. सोमवारी मिस्त्रीकडं नेली की सेल्फ मारताच पेटते आणि मिस्त्री म्हणतो, "मालक, काय नाही हिला. घेऊन जावा." त्याचंही चुकत नाही, त्याच्यासमोर ती बंदच पडत नाही. म्हणून खालचं सगळं लिहिणं एकाच गोष्टीभोवती आहे: गाडी थांबल्यावरची पहिली पाच मिनिटं. तेवढ्या वेळात काय बघायचं हे आधीच ठरलेलं असलं, तर महिनोन्महिने चाललेलं दुखणं एका फेरीत पकडता येतं.

क्लबाच्या दृष्टीनंही ही किरकोळ बाब नाही. नवा माणूस हौसेनं वडिलांची पद्मिनी नाहीतर आजोबांची अॅम्बेसिडर घेऊन येतो. दोनदा घाटात अडकला, घरच्यांची बोलणी खाल्ली, की तिसऱ्या वेळी 'पाहुण्यात लग्न आहे' असा निरोप येतो. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक बघायला जी झुंबड उडते ती बघितली तर कोल्हापूरला जुन्या गाड्यांचं वेड कमी आहे असं कोण म्हणेल? घरोघरी झाकून ठेवलेल्या गाड्या आहेत. संध्याकाळी परत घरी येईल याची खात्री नाही, म्हणून त्या बाहेर निघत नाहीत.

बंद पडली, पण कशी?

मालकाला पहिला प्रश्न हाच विचारायचा. आणि तो लगेच विचारायचा, कारण चार जणांनी चार मतं दिली की त्याचं स्वतःचं सांगणंही बदलायला लागतं.

चालता चालता खटकन बंद पडली, आधी झटका नाही की काही नाही, कुणीतरी किल्ली फिरवल्यासारखी, तर तो बहुतेक करंटचा, म्हणजे प्लगला ठिणगी न मिळण्याचा मामला. चढाला ओढ कमी कमी होत गेली, झटके मारायला लागली, एक्सलेटर दाबला की आणखी गुदमरली आणि सोडल्यावर जरा सावरली, तर पेट्रोल पोचत नाही. चालताना कसलीच तक्रार नव्हती, पण चहाला थांबून पंधरा मिनिटांनी सेल्फ मारला तर इंजिन फिरतंय, पेटत मात्र नाही आणि पेट्रोलचा वास येतोय, तर हे त्याच्या बरोबर उलटं आहे: पेट्रोल जास्त झालंय. सेल्फच जड फिरत असेल किंवा नुसता 'टक' वाजत असेल, तर कार्ब्युरेटरकडं जाऊच नका. बॅटरीची टर्मिनल आणि इंजिनपासून बॉडीला येणारी अर्थची पट्टी घासून घट्ट करा. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं.

आपल्याकडं या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे, 'एअर घेतली', म्हणजे पेट्रोलच्या पाइपात वाफ अडकली. माझ्या बघण्यात मात्र 'एअर घेणाऱ्या' बऱ्याच गाड्यांचं दुखणं शेवटी करंटचं निघालं आहे.

दोनच गोष्टी बघा

डिकीत एक चांगला जादा प्लग ठेवा, त्याच्या अंगाला वायरचा तुकडा आणि चिमटा लावलेला. गाडी थांबली की कुठल्याही एका सिलिंडरची प्लगवायर काढून या प्लगला लावा, चिमटा इंजिनच्या उघड्या लोखंडाला, आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी, टकटक आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळट, बारीक, मधेच गायब होणारी ठिणगी म्हणजे करंट नाही असंच धरा. प्लग कार्ब्युरेटरपासून लांब धरायचा आणि वायर हातात धरायची नाही. पेट्रोल सांडलेलं असेल तर आधी पुसा, वास जाऊ द्या, मगच ठिणगी. आग विझवायचा सिलिंडर डिकीच्या तळात नको, हाताशी हवा.

दुसरी गोष्ट पेट्रोल. किल्ली बंद करा, एअर क्लीनर काढा, कार्ब्युरेटरच्या तोंडात बघत एक्सलेटरची कडी हातानं ओढा. कार्ब्युरेटर सोलेक्स मेकचा असेल तर पेट्रोलची बारीक धार आत उडालेली दिसते. दिसली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या पेट्रोल साठवायच्या वाटीत, पेट्रोल आहे. काही अॅम्बेसिडरवर एसयू मेकचा कार्ब्युरेटर असतो, त्याला ही धारच नसते. तिथं फ्लोट चेंबरचं झाकण उघडून बघावं लागतं.

करंट आहे की नाही, पेट्रोल आहे की नाही, एवढं कागदावर लिहा. त्यानंतर फडकी टाका, चहा प्या, काय वाट्टेल ते करा.

करंट नसेल तर

आधी कॉइलला, म्हणजे ठिणगीसाठी बॅटरीचा करंट वाढवून देणाऱ्या डब्याला, हात लावून बघा. चालत्या गाडीत कॉइल कोमट ते गरम असणार, ते ठीक. हात ठेववत नसेल तर संशय घ्या. कॉइलच्या आत बारीक तारेचे हजारो वेढे असतात. वेढ्यांमधलं इन्सुलेशन कमजोर झालं की तापल्यावर आतल्या आत करंट फुटतो आणि गार झाल्यावर परत सगळं व्यवस्थित. मल्टीमीटर असेल तर दोन बारीक टर्मिनलांमधला रेझिस्टन्स मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला तो ३ ओहमच्या आसपास असतो. १.५ ओहम दाखवत असेल तर ती कॉइल बॅलास्ट रेझिस्टर (कॉइलला जाणारा करंट कमी करणारा तुकडा) असलेल्या गाडीची आहे. दुकानदार 'बसतीय की' म्हणून देतो, आणि ती बसतेही. पण तुमच्या गाडीत रेझिस्टर नसेल तर तिच्यातून जवळजवळ दुप्पट करंट जातो आणि ती भाजून निघते.

कॉइल मारण्याचा दुसरा प्रकार आपणच शोधून काढला आहे. गाडी उभी, इंजिन बंद, पण टेपवर गाणी चालू राहावीत म्हणून किल्ली चालूच. त्या वेळी डेल्कोतले (म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधले) उघडझाप करणारे पॉइंट नेमके मिटलेले असले, तर कॉइलमधून अखंड करंट वाहत राहतो. वीस मिनिटांच्या फोटो सेशनमध्ये बरी कॉइलही आजारी पडते. टेपला बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी वायर ओढा, भानगड मिटली.

मग पॉइंटला जोडलेला कंडेन्सर. हा करंगळीएवढा डबा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बेभरवशाचा. तापला की जातो, गार झाला की येतो. पॉइंट उघडून बघा: एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टेकाड वाढलं असेल तर कंडेन्सरवर बोट ठेवा. रस्त्यावर तपासायची सोपी युक्ती अशी की हाताशी असलेला चांगला कंडेन्सर बाहेरूनच जोडायचा. त्याची वायर कॉइलच्या डेल्कोकडच्या टर्मिनलला आणि अंग इंजिनच्या लोखंडाला. ठिणगी परतली तर चोर सापडला. आतला कंडेन्सर शॉर्ट झाला असेल तर मात्र आधी त्याची वायर सोडवावी लागते. हल्ली डब्यातून येणारा नवा माल किती टिकेल याचा नेम नाही. चालत्या गाडीतून काढलेला, हजार-दोन हजार किलोमीटर पळालेला कंडेन्सर मी नव्यापेक्षा जास्त विश्वासानं डिकीत ठेवतो.

गाडी फक्त चढालाच बंद पडत असेल आणि कॉइल, कंडेन्सर दोन्ही बदलून झालेले असतील, तर डेल्कोचं झाकण काढा आणि आतल्या दोन छोट्या वायरी बघा. एक बाहेरच्या टर्मिनलपासून पॉइंटला जाते, दुसरी पॉइंट बसवलेल्या प्लेटला अर्थ देते. व्हॅक्यूम अॅडव्हान्समुळं (इंजिनच्या ओढीनं ठिणगीची वेळ मागंपुढं करणारी रचना) ही प्लेट सारखी थोडीथोडी फिरत असते. सपाटीला हलका एक्सलेटर असतो तेव्हा ती एका जागी, चढाला एक्सलेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम पडतो आणि प्लेट दुसऱ्या जागी. वर्षानुवर्षं वाकून वाकून वायरची तांब्याची तार आत तुटते, वरचं कव्हर मात्र शाबूत. सपाटीवर दोन टोकं टेकलेली, चढाला सुटलेली. बाहेरून दिसत काहीच नाही. वायर चिमटीत धरून हलकी ओढा, कव्हर लांबलं तर आत तार नाही. बदलताना घरातल्या फिटिंगची जाड वायर घालू नका, ती पुन्हा तुटेल किंवा प्लेट अडवेल. पुष्कळ बारीक तारांची मऊ वायरच हवी.

पॉइंटची गॅप जाता जाता फिलर गेजनं बघून घ्या. अॅम्बेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनला ०.०१४ ते ०.०१६ इंच. पद्मिनी, डिलाइटवाल्यांनी आपापल्या पुस्तकातला आकडा धरावा, डेल्को कुठल्या मेकचा बसवलाय त्यावर तो बदलतो.

पेट्रोल नसेल तर

टाकीचं झाकण उघडा. 'सूं' करून हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी पेटली, तर झाकणाचं श्वासाचं भोक बुजलं आहे. पेट्रोल चोरीला जाऊ नये म्हणून बसवलेल्या कुलपाच्या झाकणांना कित्येकदा भोकच नसतं. तपासायला दहा सेकंद लागतात, आणि तरी सगळ्यात शेवटी सुचणारी गोष्ट हीच.

पुढं पाइप. टाकी मागं, पंप इंजिनवर. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंत पेट्रोल ओढलं जातं, ढकललं जात नाही. या ओढीच्या बाजूला रबरी पाइपला चीर पडली तर पेट्रोल फारसं गळत नाही, हवा आत घुसते. खाली थेंब दिसत नाही म्हणून आपण पाइप चांगला समजतो. टाकीजवळचा आणि पंपाजवळचा, दोन्ही रबरी तुकडे दुमडून बघा. भेगा दिसल्या की बदला, क्लिपा लावून घट्ट करा. पंप बघायचा असेल तर कॉइलची वायर काढून ठेवा, पंपातून कार्ब्युरेटरला जाणारा पाइप बाटलीत सोडा आणि सेल्फ मारा. ठोक्याठोक्यानं भरीव धार यायला हवी. बुडबुडे आले तर हवा, नुसती गळती आली तर पंपाचा डायफ्रॅम.

आता खरी 'एअर', म्हणजे पाइपातच पेट्रोलची वाफ होणं. ती होत नाही असं मी म्हणत नाही. पेट्रोलचे सगळ्यात हलके घटक ३५ ते ४० अंशांनाच उकळायला लागतात. त्यात फेब्रुवारी २०२३ पासून पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता जवळजवळ सगळीकडं तेच मिळतं. शुद्ध इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, पण पेट्रोलमध्ये मिसळलं की मिश्रणाची वाफ साध्या पेट्रोलपेक्षा लवकर होते. आपल्याच उसाची मळी आपल्याच गाडीला नडते, कुणाला सांगणार! याच इथेनॉलनं जुनं रबर फुगतं, मऊ पडतं, नाहीतर कडक होऊन चिरतं. पाइप घेताना अंगावर 'एसएई जे ३० आर ९' छापलेलं बघून घ्या, तो इथेनॉल सोसतो. पंपाचा डायफ्रॅमही इथेनॉल सोसणाराच मागा.

वाफेवर इलाज म्हणजे उष्णता अडवणं. मूळ लोखंडी पाइप कुजल्यावर कुणीतरी रबरी पाइप सरळ गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवरून नेलेला असतो, तो मूळ वाटेनं परत फिरवा. पंप आणि ब्लॉकच्या मधला, तसंच कार्ब्युरेटरखालचा बेकलाइटचा जाड तुकडा जागेवर आहे का बघा. ओव्हरहॉल करताना तो तुटतो आणि मिस्त्री नुसतं कागदी गॅसकेट घालून मोकळा होतो. कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये नमुना दाखवला की तसाच तुकडा करून मिळतो, फक्त जाडी मूळचीच ठेवायला सांगा. पंपाखालची जाडी बदलली तर पंपाचा स्ट्रोक बदलतो आणि एक दुखणं काढून दुसरं घेतल्यासारखं होतं. इथेनॉलमुळं मिश्रण थोडं पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, त्यानंही इंजिन जास्त तापतं. प्लग काढून बघा, पांढरेफटक असतील तर कार्ब्युरेटरचा मेन जेट (पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा करायचा विचार करा. ठिणगीचं टायमिंग मागं पडलेलं असलं तरी इंजिन तापतं, ते आधी तपासा.

चहानंतर पेटत नाही

इंजिन बंद केल्यावर फॅन थांबतो, पाणी फिरायचं थांबतं आणि बॉनेटखालचं तापमान उतरायच्या ऐवजी पंधरा-वीस मिनिटं चढत राहतं. फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल उकळून इनटेक मॅनिफोल्डमध्ये सांडतं. अशा वेळी लोक चोक ओढतात आणि एक्सलेटर पंप करतात, म्हणजे बुडालेल्याला आणखी पाणी पाजतात. चोक पूर्ण आत. एक्सलेटर एकदाच, हळू, तळापर्यंत दाबा आणि दाबूनच धरा. मग सेल्फ, एका वेळी दहा सेकंदांच्या वर नाही. हवा खेळली की जास्तीचं पेट्रोल निघून जातं आणि इंजिन फटफट करत पेटतं. थांबल्या थांबल्या बॉनेट उघडून ठेवलं तर ही वेळ सहसा येतच नाही.

निम्मा दोष आपल्या फेरीचा

वीस गाड्या एका रांगेत शिवाजी पुलावरून गोगलगाईच्या चालीनं काढायच्या, फोटोसाठी इंजिन चालू ठेवून उभं राहायचं आणि मग सगळ्यांनी एकदम चढाला लागायचं, यात चांगली गाडीही तापते. पन्हाळा कोल्हापूरपासून २० किलोमीटरच्या आसपास, पण सुमारे ३,००० फुटांवर. चढ शेवटच्या टप्प्यात येतो, म्हणजे गाडी आधीच तापलेली असताना. त्यात गळीत हंगाम असला तर पुढं दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, पहिल्या गिअरमध्ये, आणि रेडिएटरच्या जाळीत उसाचा पाला. रेडिएटर बाहेरून धुतला तरी किती फरक पडतो ते बघा, पाणी मात्र आतून बाहेरच्या दिशेनं मारा. झाकण गरम असताना उघडू नका हे सांगायला नको, तरी सांगतो.

फेरी तीन-चार गाड्यांच्या गटांत, दहा-दहा मिनिटांच्या अंतरानं सोडावी. उन्हाळ्यात सातच्या आत निघावं. थांबा चढाच्या आधी घ्यावा आणि बॉनेट उघडून घ्यावा, चढाच्या मध्यावर नको. प्रत्येक गटात शेवटी चालणारा माणूस ठरलेला असावा, वर सांगितलेला प्लग, कंडेन्सर, कॉइल, मल्टीमीटर आणि पाइपचे तुकडे त्याच्याच गाडीत. गाडी बंद पडली की बॉनेटमध्ये हात घालायचा अधिकार त्याचा आणि मालकाचा. बाकीच्यांनी मागून येणाऱ्या एसटीला हात दाखवावेत. वीस मिनिटांत उलगडा झाला नाही तर गाडी ओढून न्यायची, आणि दोर बंपरला बांधायचा नाही.

प्रत्येक गाडीच्या कप्प्यात एक कार्ड ठेवा: तारीख, कुठं थांबली, कशी थांबली, करंट होता का, पेट्रोल होतं का, टाकीत किती होतं, काय बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन पार्ट एकदम बदलले की गाडी बरी झाली तरी कशानं झाली ते कळत नाही, आणि जुने चांगले पार्ट भंगारात जातात. नव्या सभासदाला पहिल्या फेरीत घाट नको, कागलपर्यंत सपाटीनं जाऊन या, त्याच्या गाडीचं कार्ड भरा, मग पन्हाळा.

आता हमखास येणारे दोन प्रश्न. पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावं का? बसवा, चांगलं चालतं, पण कॉइल त्याला जुळणारी घ्या आणि जुनी पॉइंटची प्लेट डिकीत राहू द्या. घाटात मॉड्यूल गेलं तर ते कुठल्याच टपरीवर मिळणार नाही. इलेक्ट्रिक पंप? सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. मूळ पंपाचं प्रेशर दोन-तीन पीएसआयच्या घरात असतं, जास्त प्रेशरचा पंप लावला तर फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह ते धरत नाही आणि कार्ब्युरेटर वाहायला लागतो. बसवायचाच तर मागं टाकीजवळ, खालच्या बाजूला बसवा. आणि अपघातात इंजिन थांबलं तरी किल्ली चालू असेपर्यंत हा पंप पेट्रोल फेकत राहतो, तेव्हा ऑइल प्रेशर गेलं की पंप बंद करणारा स्विच त्याच्याबरोबरच लावून घ्या.